विजेची उंची मोटार आणि कोंकणचें ऊन

विजेवर चालणारें वाहन ही वस्तु वसई-विरारच्या लोकांना नवी नाहीं. जानेवारी १९२८ मध्यें कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली आणि १९३६ सालीं तो विजेचा मार्ग विरारपर्यंत आला. तेव्हांपासून आपल्या तीन-चार पिढ्या रोज सकाळीं विजेच्या बळावर मुंबईस जात आहेत आणि संध्याकाळीं घरीं परतत आहेत. परंतु लोकलगाडी आणि सध्यां घरोघरीं जिची चर्चा चालते ती विजेची मोटार यांत एक मूलभूत भेद आहे. लोकल आपली वीज डोक्यावरच्या तारेंतून क्षणोक्षणीं घेते. मोटारीला मात्र आपली शिदोरी बरोबर बांधून न्यावी लागते. आणि शिदोरी म्हटली कीं उन्हाळ्यांत ती नासण्याचा प्रश्न आलाच. या लेखांत त्या प्रश्नाचाच विचार करावयाचा आहे.

गेल्या कांहीं वर्षांत या मोटारींपैकीं एका विशिष्ट जातीकडे सुशिक्षित कुटुंबांचें लक्ष वेधलें आहे. तिला 'क्रॉसओव्हर' असें म्हणतात. ही गाडी बसक्या सलून मोटारीहून उंच, परंतु डोंगरांत हिंडणाऱ्या जीपइतकी रांगडी नव्हे. वडील मंडळींना गुडघे फारसे न वांकवितां तींत बसतां येतें, मुलें मागें मावतात, आणि रस्त्यांतील खड्डे तिच्या पोटाला सहसा लागत नाहींत. एकत्र कुटुंबास ती सोयीची वाटावी यांत नवल नाहीं. बाजारांतही आतां तिची वाण नाहीं. बीवायडी कंपनीची अॅटो ३ नोव्हेंबर २०२२ मध्यें ३३ लाख ९९ हजार रुपयांस आली. ह्युंदाईची आयोनिक ५ जानेवारी २०२३ मध्यें ४४ लाख ९५ हजारांस. महिंद्रांची एक्सईव्ही ९ई नोव्हेंबर २०२४ मध्यें २१ लाख ९० हजारांपासून पुढें. टाटांची हॅरियर ईव्ही जून २०२५ मध्यें २१ लाख ४९ हजारांपासून पुढें. आणि टेस्लाची मॉडेल वाय जुलै २०२५ मध्यें ५९ लाख ८९ हजारांस. हे अर्थात् आरंभींचे भाव होत. जी गाडी परदेशांत पूर्ण बांधून येथें आणली जाते तिच्या किंमतींत आयात-कराचा हिस्सा मोठा असतो. म्हणून किंमत दुप्पट तर गुणही दुप्पट, असा हिशेब येथें लागू पडत नाहीं.

सरकारचें धोरणही या गाड्यांना अनुकूल आहे. त्यांच्यावरील वस्तु व सेवा कर ऑगस्ट २०१९ पासून पांचच टक्के आहे. तीस लाखांवरील विजेच्या मोटारींवर सहा टक्के कर बसविण्याची राज्याच्या अर्थसंकल्पांतील सूचना मार्च २०२५ मध्यें मुख्यमंत्र्यांनीं मागें घेतली. आणि ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर या मोटारींना टोल माफ झाला. अशा सवलती ऐकून मोह होणें स्वाभाविक आहे. परंतु सवलत ही खरेदीच्या दिवशींची गोष्ट आहे, आणि बॅटरी ही पुढील दहा वर्षांची. कुटुंबाच्या सामाईक पुंजींतून वीस, चाळीस किंवा साठ लाख रुपये एका वस्तूंत घालतांना दहा वर्षांचा विचार आधीं केला पाहिजे.

ऊन नेमकें काय खातें?

थंड देशांतील मजकूर वाचून आपल्याकडे पुष्कळांचा असा ग्रह झालेला असतो कीं, हवामानाचा परिणाम म्हणजे गाडीचा पल्ला कमी होणें. बर्फाळ मुलखांत तें बऱ्याच अंशीं खरें आहे. तेथें गाडींतील माणसांना ऊब देण्यांत पुष्कळ वीज खर्च होते. आपल्याकडील हिशेब निराळा आहे. उन्हांत तापलेली गाडी प्रथम गार करण्यास बरीच वीज लागते हें खरें. परंतु एकदां गार झाल्यावर ती तशी राखण्यास तासाला साधारण एक ते दीड युनिट पुरते. घोडबंदरच्या कोंडींत दोन तास अडकून पडलें तरी वातानुकूलनानें फार तर तीन युनिट खाल्ले. पाऊणशें युनिटांच्या बॅटरींतून तीन युनिट म्हणजे शेंकडा चार. एवढ्यानें कोणाचें त्र्यंबकेश्वर चुकत नाहीं.

उष्णता पल्ला थोडा खाते. तिचा खरा घास असतो बॅटरीच्या आयुष्याचा. बॅटरीच्या पोटांत जीं रासायनिक रूपांतरें चालतात त्यांतील कांहीं आपल्या उपयोगाचीं असतात व कांहीं तिला जीर्ण करणारीं असतात. गाडी चालो वा नुसती उभी राहो, जीर्ण करणारीं रूपांतरें थांबत नाहींत. उष्णतेबरोबर रासायनिक क्रियांचा वेग कसा वाढतो याचें सूत्र स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ आर्‍हेनिअस यांनीं १८८९ सालीं मांडलें, आणि त्यावरून निघणारा ढोबळ नियम असा कीं, उष्णमान दहा अंशांनीं वाढलें तर अशा क्रियांचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. पौषांत सकाळचें दूध रात्रीपर्यंत टिकतें आणि वैशाखांत तेंच दुपारीं फाटतें, हें प्रत्येक गृहिणी जाणते. लिथियमच्या बॅटरीला हाच न्याय लागू आहे. फरक एवढाच कीं, तिचें नासणें दिवसांत न होतां वर्षांत होतें आणि डोळ्यांना दिसत नाहीं. माणसाला जी हवा सुखाची वाटते, म्हणजे सुमारें पंधरा ते पस्तीस अंशांची, तीच तिलाही मानवते.

आतां कोणी म्हणेल कीं, आपण कांहीं चंद्रपूर-नागपूरकडे राहत नाहीं. समुद्रकांठीं ऊन तितकें कडक नसतें. मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेंत १४ एप्रिल १९५२ रोजीं ४२.२ अंश उष्णमान नोंदलें गेलें होतें, तेव्हां अगदींच निर्धास्त राहण्याचें कारण नाहीं. पण खरी अडचण दुपारची नसून रात्रीची आहे. कोरड्या प्रदेशांत रात्र पडली कीं हवा निवते आणि तापलेल्या वस्तूंना उसंत मिळते. आपल्याकडे वैशाखांत रात्रींसुद्धां पारा सत्तावीस अंशांच्या आसपास असतो आणि हवेंतील दमटपणा उष्णता धरून ठेवतो. पाच-सहा मण वजनाची नव्हे, तर त्याहूनही जड अशी बॅटरी दिवसा एकदां तापली कीं पहाटेपर्यंत कोमटच राहते. जीर्ण होण्याचा हिशेब दुपारच्या एका तासावर नसून चोवीस तासांच्या सरासरीवर असतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे कोंकणचें सौम्य भासणारें ऊनही हिशेबांत धरावें लागतें.

या बाबतींतील धडा जगाला अमेरिकेंतील एका शहरानें दिला आहे. निसान कंपनीची लीफ ही मोटार २०१० च्या अखेरीस विक्रीस आली. तिच्या बॅटरीला गार ठेवण्यासाठीं द्रवाची योजना नव्हती. ती बंद पेटींत आपोआप जेवढी निवेल तेवढी निवे. थंड प्रदेशांत ती गाडी बरी चालली. परंतु ॲरिझोना संस्थानांतील फिनिक्स हें वाळवंटांतील शहर. तेथील मालकांना २०१२ च्या उन्हाळ्यांत असें आढळून आलें कीं, दोन वर्षें होण्यापूर्वींच बॅटरीची धारणशक्ति घटत चालली आहे. तक्रारी झाल्या, गाड्या तपासल्या गेल्या, प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि अखेर धारणशक्तीची हमी देणें कंपनीला भाग पडलें. पुढें अधिक उष्णता सोसणारी बॅटरीही तिनें काढली. गाडी तीच, कारागीर तेच. हवा बदलतांच आयुष्य बदललें. आजच्या बहुतेक उंची गाड्यांत बॅटरीभोवतीं द्रव खेळविलेला असतो आणि तो द्रव वातानुकूलनाच्या यंत्राशीं जोडून गार केला जातो. ही योजना किती आवश्यक आहे तें फिनिक्सच्या अनुभवावरून कळतें.

वसईंत घडलेल्या दोन गोष्टी

हा विषय वसईकरांच्या मनांत केवळ शास्त्राचा राहिलेला नाहीं. जून २०२२ मध्यें एका रात्रीं वसई पश्चिमेस टाटांची नेक्सॉन ही विजेची मोटार भर रस्त्यांत पेटली, आणि तिचीं चित्रें देशभर पसरलीं. मालकानें ती कार्यालयांत नेहमींप्रमाणें चार्ज केली होती; घरीं जातांना चमत्कारिक आवाज येऊं लागले व समोरच्या पट्टीवर सूचना उमटल्या, म्हणून तो खालीं उतरला, असें वृत्त तेव्हां प्रसिद्ध झालें. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. चार वर्षांत तीस हजारांवर गाड्या मिळून दहा कोटि किलोमीटर धांवल्यावर घडलेला हा पहिलाच प्रसंग आहे, असें कंपनीनें सांगितलें. केंद्र सरकारनें चौकशीचें काम बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, विशाखापट्टणमची नौदलाची प्रयोगशाळा आणि दिल्लीची अग्नि व स्फोटकविषयक संशोधनसंस्था यांच्याकडे सोंपविलें.

दुसरी गोष्ट अधिक दुःखद आहे. त्याच वर्षीं सप्टेंबरांत वसई पूर्वेस एका घरांत विजेच्या स्कूटरची बॅटरी काढून आणून रात्रीं बैठकीच्या खोलींत चार्जिंगला लावलेली होती. पहाटेच्या सुमारास तिचा स्फोट झाला. त्याच खोलींत आजीजवळ निजलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि थोड्याच दिवसांत दगावला.

या दोन घटनांवरून विजेचें वाहन म्हणजे दारांत ठेवलेला सुरुंग, असा निष्कर्ष काढणें न्याय्य होणार नाहीं. पेट्रोलच्या गाड्याही पेटतात. नित्याचें झाल्यामुळें आपण तें बातमी मानीत नाहीं. स्वीडनच्या नागरी संरक्षण संस्थेनें २०२२ सालचे जे आंकडे दिले, त्यांत दर हजारीं पेटलेल्या गाड्यांचें प्रमाण पेट्रोल-डिझेलच्या बाबतींत विजेच्या गाड्यांहून सुमारें वीसपट होतें. स्वीडन थंड देश आहे हें खरें, म्हणून तो आंकडा जसाच्या तसा येथें उतरवूं नये. तरी दिशा त्यावरून कळते. शिवाय २०२२ च्या आगींनंतर केंद्र सरकारनें बॅटरीविषयींचे नियम कडक केले, आणि ते १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत अंमलांत आले. बॅटरींतील एखादा घट अतिशय तापला तर आंतील माणसांना बाहेर पडण्यास अवधि मिळेल अशा बेतानें आधीं इशारा मिळाला पाहिजे, ही त्यांतील एक मुख्य अट आहे. वापरलेली गाडी घेणारांनीं ती या तारखेपूर्वींची कीं नंतरची, एवढें अवश्य पाहावें.

दोन्ही घटनांपासून घेण्याजोगा बोध एकच आहे. मोटार उघड्यावर पेटली, म्हणून माणसें वांचलीं. बॅटरी निजण्याच्या खोलींत फुटली, म्हणून मूल गेलें. अर्थात् वस्तु कोणती घेतली याइतकेंच ती कोठें ठेवली हें महत्त्वाचें आहे.

घोड्याआधीं पागा

कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत अश्वाध्यक्षाचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. तेथें घोड्यांच्या जाती व चाली येतातच. परंतु पागा केवढी असावी, जमीन कशी असावी, दाणावैरण किती द्यावी, यांचा तपशील त्यानें तितक्याच आस्थेनें दिला आहे. घोडा पारखणारे पुष्कळ असतात, पागा पारखणारे थोडे. विजेच्या मोटारीच्या बाबतींत आज हेंच घडत आहे. लोक महिना-महिना गाड्यांची तुलना करतात, आणि गाडी दारांत आल्यावर ती कोठें उभी करावयाची व तार कोठून आणावयाची याचा विचार सुरू करतात. वास्तविक क्रम उलट हवा.

पहिली गोष्ट सांवली. ज्यांचीं घरें वाडींत आहेत त्यांनीं आंब्या-फणसाच्या गर्द सांवलीचा उपयोग अवश्य करावा. नारळाखालीं मात्र गाडी कदापि उभी करूं नये. या उंची गाड्यांचें छप्पर पुष्कळदां कांचेचें असतें, आणि वरून पडणारा नारळ किंमत पाहून पडत नाहीं. मांडव घालावयाचा तर पत्र्यापेक्षां मंगळुरी कौलें उत्तम. पत्रा तापला कीं खालीं भट्टीसारखी धग टाकतो. पत्राच घालावा लागला तर तो उंच घालून त्याखालीं झांपांचें किंवा तत्सम अस्तर द्यावें. बाजू मोकळ्या ठेवाव्या, विशेषतः पश्चिमेची, म्हणजे दुपारनंतरचा समुद्राचा वारा आरपार जाईल. इमारतींत राहणारांना खांबांमधली तळमजल्यावरील जागा मिळत असेल तर ती उघड्या पटांगणापेक्षां शतपट बरी.

दुसरी गोष्ट पाणी. जुलै २०१८ मध्यें नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी चढून लोकल बंद पडल्या आणि मिठागरांतील वस्ती वेढली गेली, तें कोणी विसरलें नसेल. या गाड्यांच्या बॅटरीची पेटी मीटरभर पाण्यांत अर्धा तास तग धरील अशी पारखलेली असते. परंतु ती परीक्षा गोड्या पाण्याची असते. अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानांत सप्टेंबर २०२२ च्या वादळांत समुद्राचें खारें पाणी शिरलेल्या कांहीं विजेच्या गाड्या पुढें कित्येक दिवसांनीं पेटल्या. आपल्याकडे भरतीच्या वेळीं पाऊस झाला म्हणजे खाडीचेंच पाणी उलट येतें. म्हणून तळघरांतील जागा कितीही थंड असली तरी सखल भागांत ती घेऊं नये. आणि गाडी एकदां खाऱ्या पाण्यांत बुडाली तर ती वरून सुकली म्हणून चालू न करतां घरापासून दूर उभी करून कंपनीच्या माणसास बोलवावें.

तिसरी गोष्ट वायरिंग व अर्थिंग. साध्या पंधरा अँपिअरच्या खुंटीवर तासाला सुमारें तीन युनिट मिळतात, म्हणजे पाऊणशें युनिटांची रिकामी बॅटरी भरण्यास पुरा एक अहोरात्र हवा. इतका वेळ पूर्ण भार सोसण्यासाठीं आपल्या घरांतील जुन्या तारा घातलेल्याच नसतात. फ्रीज किंवा इस्त्री यांचा भार येतो आणि जातो. हा येऊन ठाण मांडून बसतो. भिंतीवर बसवावयाचा सात युनिटांचा चार्जर तेंच काम दहा-अकरा तासांत करतो. त्यासाठीं मीटरपासून स्वतंत्र जाड तांब्याची तार, स्वतंत्र एमसीबी, गळती होतांच प्रवाह तोडणारी आरसीसीबी आणि नवें अर्थिंग घ्यावें. आपल्या खाऱ्या हवेंत अर्थिंगची पट्टी कांहीं वर्षांत गंजून जाते, आणि तें कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं परवानाधारक वायरमनकडून तें तपासून घ्यावें. लांबण लावण्याची एक्स्टेन्शन वायर या कामीं सर्वथा वर्ज्य समजावी.

गृहसंस्थेंत राहणारांना सभासदांची संमति मिळविण्याचें काम असतें. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें मालकाला आपल्या घरच्या विद्यमान वीजजोडणीवर गाडी चार्ज करतां येते. महावितरणकडे वाहनांच्या चार्जिंगसाठीं वेगळा दर-वर्ग आहे. घरगुती वापराचे चढते टप्पे पाहतां वेगळें मीटर घेणें पुष्कळ कुटुंबांना लाभाचें होईल. मात्र शेजाऱ्यांशीं वाद घालून तार ओढण्यापेक्षां सर्वांनीं मिळून एकदांच योग्य भाराची व्यवस्था करून घेणें श्रेयस्कर. आज एका घरीं गाडी आली, तर दोन वर्षांत चार घरीं येणार आहे.

गाडी पाहतांना

जागा सिद्ध झाली म्हणजे दुकानाची पायरी चढावी. तेथें रंग आणि पडदे दाखविण्याचा उत्साह फार असतो. आपण मात्र पुढील गोष्टी शांतपणें विचाराव्या.

बॅटरी कोणत्या जातीची, हा पहिला प्रश्न. सध्यां दोन जाती प्रमुख आहेत. एक लोह-फॉस्फेटची, दुसरी निकेल-मँगनीज-कोबाल्टची. पहिली तेवढ्याच विजेसाठीं अधिक जड असते, परंतु उष्णतेनें सहजासहजीं बिथरत नाहीं आणि अधिक वेळां भरतां-रिकामी करतां येते. दुसरी हलकी व लांब पल्ल्याची, परंतु उन्हांत पूर्ण भरून ठेवलेली तिला विशेष बाधते. वर सांगितलेल्या गाड्यांपैकीं अॅटो ३, एक्सईव्ही ९ई व हॅरियर यांत पहिली जात आहे. आयोनिक ५ मध्यें दुसरी. दुसरी जात त्याज्य आहे असें नव्हे. तिला शिस्त अधिक लागते, आणि ज्या घरीं चार हात एकच गाडी वापरतात तेथें शिस्त पाळली जाणें कठीण, इतकेंच.

बॅटरी द्रवानें गार होते काय, आणि गाडी उभी असतां, चार्जिंग चालू असतां तें काम चालू राहतें काय, हा दुसरा प्रश्न. याचें उत्तर तोंडी न घेतां छापील पुस्तिकेंत पाहावें.

तिसरा प्रश्न गाडीच्या जन्मतारखेचा. चासीच्या क्रमांकांत निर्मितीचा महिना व वर्ष असतें. जी गाडी आठ-दहा महिने विक्रेत्याच्या उघड्या पटांगणांत पूर्ण चार्ज होऊन उन्हांत उभी होती, तिच्या बॅटरीचें एक वर्ष आपल्या पैशानें पण आपल्यावांचून गेलें, असें समजावें.

चौथा प्रश्न हमीचा. बहुतेक कंपन्या आठ वर्षें किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर, यांतील जें आधीं येईल तोंवर हमी देतात. परंतु धारणशक्ति शेंकडा किती उरली म्हणजे बॅटरी सदोष मानली जाते, तें कोण आणि कसें मोजतो, व हमी दुसऱ्या मालकाकडे जाते कीं नाहीं, हें लेखी घ्यावें.

पल्ल्याचा आंकडा जाहिरातींत ठळक असतो. तो नियंत्रित चाचणींतला असतो. तेथें ना घोडबंदरची कोंडी, ना सहा माणसें, ना लग्नाचें सामान. त्यांतून एक तृतीयांश वजा करून राहील तेवढाच आपला समजावा. पुणें आणि नाशिक हीं दोन्ही वसईहून दोनशें किलोमीटरांच्या आंत आहेत, आणि रोजचें मुंबईचें येणेंजाणें आपण लोकलनेंच करणार. मग गरज साठ ते पाऊणशें युनिटांनीं भागते. त्यापलीकडची बॅटरी म्हणजे वर्षांतून दोनदां येणाऱ्या पाहुण्यांसाठीं बारा महिने बाळगलेला मोठा पातेला होय.

शेवटचें म्हणजे परीक्षा. विक्रेते संध्याकाळीं चक्कर मारून आणतात, तेव्हां सर्वच गाड्या गोड लागतात. शक्य असेल तर चैत्र-वैशाखांतील दुपारीं दोन वाजतां, उन्हांत तासभर उभी केलेली गाडी मागावी. घरांतील वृद्ध माणसाला मागच्या आसनावर बसवावें आणि किती वेळांत मागें गारवा पोंचतो तें पाहावें. महामार्गावर वीसेक किलोमीटर नेऊन द्रुतगति चार्जरला लावावी. त्या वेळीं वातानुकूलन मंदावतें काय, चार्जिंगचा वेग पडतो काय, हें पाहावें. छप्पर कांचेचें असल्यास त्याला आंतून पडदा आहे काय, हें विचारावें. रंग शक्यतों पांढरा किंवा रुपेरी घ्यावा. अमेरिकेंतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेनें २०११ मध्यें काळ्या व रुपेरी रंगाच्या एकाच बनावटीच्या गाड्या उन्हांत ठेवून पाहिल्या, तेव्हां आंतील हवेंत पांच-सहा अंशांचा फरक दिसला होता.

घरची शिस्त

गाडी दारांत आल्यावर तिचे नियम घरांतील सर्वांना ठाऊक असावे. केवळ चालविणाराला ठाऊक असून भागत नाहीं. रोज शंभर टक्के भरण्याचा हट्ट नसावा; निकेलच्या बॅटरीस नित्याला ऐंशी टक्के पुरे. लोह-फॉस्फेटची बॅटरी कंपनीच्या सांगण्याप्रमाणें अधूनमधून पूर्ण भरावी, परंतु भरल्यावर ती दुपारभर उन्हांत तिष्ठत ठेवूं नये. उन्हांतून आलेली गाडी लगेच चार्जरला न लावतां बॅटरी निवूं द्यावी. बहुतेक गाड्यांत वेळ लावून ठेवण्याची सोय असते. मध्यरात्रीनंतर सुरू होऊन पहाटे निघण्याच्या सुमारास पूर्ण होईल असा बेत करावा. आठवडाभर गांवाला जावयाचें असेल तर बॅटरी निम्म्याच्या आसपास ठेवून गाडी सांवलींत उभी करावी. टायरांतील हवा सकाळीं, गाडी चालविण्यापूर्वीं मोजावी. या गाड्या वजनदार असतात आणि तापलेल्या रस्त्यावर टायरांची परीक्षा होते. मोठ्या बॅटरीच्या नादांत बारा व्होल्टची छोटी बॅटरी विसरूं नये. उष्ण हवेंत ती दोन-तीन वर्षांतच थकते, आणि ती बसली कीं मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाहीं.

आणि एक नियम असा कीं, त्याला अपवाद नसावा. मोटारीच्या चार्जिंगची जागा जिन्याच्या तोंडाशीं, एकमेव दरवाजाशीं अथवा निजण्याच्या खोलीच्या खिडकीखालीं नसावी. आणि मोटारीबरोबर घरांत विजेची स्कूटर असेल तर तिची बॅटरी रात्रीं घरांत आणून कदापि चार्ज करूं नये. मुलांना हा नियम पाठ करून घ्यावा, कारण मोठी माणसें कंटाळा करतात आणि मुलें आठवण देतात.

तात्पर्य, वसई-विरारच्या हवेंत विजेची उंची मोटार घ्यावी कीं नाहीं, या प्रश्नाचें उत्तर दुकानांत नसून आपल्या अंगणांत आहे. ज्यांच्याजवळ पावसाचें पाणी न चढणारी, सांवलीची, स्वतःची जागा आहे आणि जेथें स्वतंत्र तार व नवें अर्थिंग घेतां येतें, त्यांनीं द्रवानें गार होणाऱ्या बॅटरीची मध्यम पल्ल्याची गाडी खुशाल घ्यावी. ती त्यांना दीर्घकाळ चांगली सेवा देईल. ज्यांची गाडी रस्त्याच्या कडेला भर उन्हांत उभी राहणार आणि ज्यांना दुसऱ्या मजल्याच्या खिडकींतून तार सोडावी लागणार, त्यांनीं साठ लाखांची घेतली काय किंवा वीस लाखांची घेतली काय, ऊन तिला सारखेंच खाईल. अशांनीं यंदां गाडी न घेतां आधीं जागेची सोय करावी. किंमतींतून लाख-दीड लाख वांचवून तो मांडवाला, तारेला व अर्थिंगला लावणारा गृहस्थ, कांचेच्या छपरासाठीं तेवढेच पैसे अधिक मोजणाऱ्यापेक्षां दहा वर्षांनीं अधिक समाधानी असेल. आणि घरांतील मुलेंमाणसें रात्रीं निर्धास्त निजतील, हा लाभ तर कोणत्याही सवलतीच्या हिशेबांत न बसणारा आहे.